दादाचा सागाचा जिना, माझा लोखंडी: दोन्ही वापरून झाल्यावर

घर बांधताना पैसा स्लॅबपर्यंत पुरतो, जिन्यापर्यंत पुरत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यात गावोगाव अशी घरं दिसतील. वर पाण्याची टाकी, वाळत घातलेली हळद, आणि भिंतीला टेकवलेली बांबूची निसणी. आमचंही तेच होतं. गेल्या उन्हाळ्यात मी आणि मोठ्या भावानं, दोघांनीही एकदाचे जिने करून घेतले. वाटणी झाल्यामुळे घरं दोन, पण आवार एकच आणि भिंतीला भिंत लागून. दादाचा जिना सागाचा, घराच्या आतून. माझा लोखंडी, बाहेरून. दोन्हीवरून आता ऊन, पाऊस आणि कापसाचा एक हंगाम गेलाय, म्हणून लिहायला बसलो.

मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर असतो. दिवसभर गाड्या तोलायच्या, भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती. त्यामुळे कोणतीही वस्तू दिसली की आधी ती किती किलोची असेल हेच डोक्यात येतं. लोखंडी जिना घेताना ही खोड फार कामी आली, कारण तो विकलाच किलोवर जातो.

आधी सिमेंटच्या जिन्याचं सांगून टाकतो, कारण ज्यानं त्यानं तेच विचारलं. बांधकामासोबतच होत असेल तर सिमेंटचाच करा, प्रश्न मिटला. पण उभ्या घराला मागाहून जोडायचा म्हणजे स्लॅब फोडून सळया उघड्या करा, सेंट्रिंग लावा, आणि एवढ्या वजनाला वेगळा पाया घ्या. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुनं घर एकीकडे हलतं, नवा जिना दुसरीकडे, आणि सांध्यावर चीर पडते ती पडतेच. गावात अशा दोन-तीन चिरा दाखवू शकतो.

लोखंडासाठी तालुक्याच्या गावातल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडी कुरकुर करणार आहे आणि माणूस तसा वाईट नाही. त्यानं आधी गोल जिना गळ्यात मारायचा प्रयत्न केला. जागा कमी लागते, दिसायला छान, पैसेही वाचतात. मी म्हटलं, याच्यावरून सोयाबीनचा कट्टा खांद्यावर घेऊन कोण चढणार? गोल जिन्याची पायरी मधल्या खांबाकडे निमुळती होत जाते, ओझं घेतलेल्या माणसाचा आतला पाय हवेत राहतो. विषय तिथंच संपला.

सरळ जिन्याचं माप असं निघालं: जमिनीपासून साडेदहा फूट उंची, म्हणजे ७ इंचांच्या १८ चढणी. पाऊल ठेवायला १० इंच, रुंदी ३ फूट. खाली साधारण १४ फूट लांबी लागते, ती आवारात होती. घरगुती जिन्याला एक चढण १९ सेंटिमीटरच्या वर नको आणि पाऊल २५ सेंटिमीटरच्या खाली नको, असं राष्ट्रीय बांधकाम संहितेत आहे. ७ आणि १० इंच त्यात बरोबर बसतं. मिस्तरी लोकांचा जुना हिशेबही हाच: दोन चढणी आणि एक पाऊल मिळून चोवीस-पंचवीस इंच भरले पाहिजेत. त्याहून कमी-जास्त झालं की गुडघे सांगतात.

आता वजन. दुकानदारानं कागदावर ५०५ किलो लिहिलं, भाव ९५ रुपये किलो, मजुरी-रंग धरून.

"तोलून घेऊ," मी म्हटलं.

"तोलाचं काय त्याच्यात, काका? इतके वर्षं झाले, असाच हिशेब करून रायलो आमी."

"मी काट्यावरच असतो भाऊ. मले सवय आहे."

तो हसला, मी पण हसलो, आणि जिना ट्रॉलीत भरून निघाला तेव्हा मालकाला विचारून आमच्याच काट्यावरून फिरवून घेतला. ट्रॉली भरलेली, मग रिकामी. फरक ४३० किलो. मोठा काटा दहा-दहा किलोनंच पुढं सरकतो, तेव्हा पाच-दहा किलोचं मी धरत नाही, पण ७५ किलोची तफावत काट्याची नव्हे. ९५च्या भावानं ती सात हजारांच्या वर जाते. दुकानदाराचं म्हणणं, कापताना तुकडे वाया जातात, वेल्डिंगच्या कांड्या लागतात. खरं आहे, लागतात. पण तुकडे त्याच्याच दुकानात राहतात आणि भंगारात विकले जातात. शेवटी ४४० किलोचे ४१,८०० दिले. माणूस भांडला नाही, पावती बदलून दिली. ही त्याची जमेची बाजू.

वजनापेक्षा मोठी फसगत पत्र्याच्या जाडीत होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पायऱ्यांना जो उठावदार नक्षीचा पत्रा लावतात, ज्याला सगळे चेकर प्लेट म्हणतात, तो ३ एमएमचाही मिळतो आणि ५ एमएमचाही. कडा दुमडल्यावर आणि रंग चढवल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ३ एमएमच्या पायरीवर ओझं घेऊन पाय टाकला की ती मधून दबते आणि डब्यासारखी वाजते. मोजायला अवघड नाही. दुकानात पडलेला एक फूट बाय एक फूट तुकडा कापून मागा आणि शेजारच्या किराण्यात तोला. साधा ५ एमएमचा तुकडा ३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास भरतो, ३ एमएमचा २ किलो २०० च्या. नक्षीमुळे थोडं जास्तच भरेल, कमी भरणार नाही. माझ्या हातात आलेला तुकडा ३ किलो ९०० भरला. तेवढ्यावर मी निश्चिंत झालो.

जिना दुकानातच पूर्ण जोडून आणा आणि घरी फक्त बोल्ट आवळा, ही माझी अट होती. कारण एप्रिल महिना, भाव वाढेल म्हणून अर्धं घर कापसानं भरलेलं. वेल्डिंगची ठिणगी कुठवर उडते ते जिनिंगमध्ये काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. कापसाच्या गंजीत ठिणगी पडली तर लगेच जाळ दिसतोच असं नाही. आत तासन्‌तास धुमसतं आणि लोक झोपल्यावर पेटतं. तरी वरच्या टोकाला दोन ठिकाणी वेल्डिंग लागलंच. दारं-खिडक्या बंद केल्या, ओला बारदाना टाकला, दोन बादल्या भरून ठेवल्या, आणि वेल्डर पोराला बिडी आवाराबाहेर ओढायला लावली. त्याला ते जरा लागलं असावं. इलाज नव्हता. काम उरकल्यावरही मी संध्याकाळपर्यंत घरातून हललो नाही.

पायासाठी काळी माती खणून मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, तिथून काँक्रीटचे दोन ठोकळे जमिनीच्या एक फूट वर काढले आणि त्यांच्यावर बोल्टांनी जिना बसवला. लोखंड मातीत गाडायचं नाही. शेजारी एकानं चॅनल, म्हणजे पायऱ्या धरणारे बाजूचे लोखंडी दांडे, सरळ जमिनीत रोवलेत आणि जिन्याखाली युरिया-पोटॅशची पोती रचलीत. खताचं पाणी लोखंडाला फार लवकर खातं, त्याच्या जिन्याचा खालचा वीतभर भाग आत्ताच पापुद्रे सोडतोय. वरच्या टोकाला मी बोल्टाची भोकं गोल न पाडता लांबट पाडून घेतली, म्हणजे माती फुगली तरी जिना दोन-चार सूत सरकेल, स्लॅबला ओढणार नाही. हे दुकानदारानं स्वतःहून सुचवलं. काम येतं त्याला.

आता कुरकुर. स्लॅबवर पुढं कोबा (सिमेंटचा वरचा थर) होणार आहे, दोन इंच धरा, असं मी माप घेणाऱ्या पोराला सांगितलं होतं. त्यानं मान हलवली आणि उघड्या स्लॅबचंच माप नेलं. कोबा झाल्यावर सगळ्यात वरची चढण ९ इंचांची झाली. सतरा चढणी सारख्या आणि अठरावी उंच. पायाला सवय सातची, तिथं अंगठा ठेचकाळतोच. रात्री तर हमखास. दुकानदार म्हणतो, खालून पॅकिंग देऊन उचलून देतो. पण मग पहिली चढण ९ची होईल, त्यात काय मिळवलं? ते अजून तसंच आहे. पाहुण्यांना आम्ही खालूनच ओरडून सांगतो.

दुसरी गोष्ट रंगाची. दुकानाचा ठरलेला रंग चॉकलेटी. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या पुढं जातो, आणि उन्हातलं गडद लोखंड सकाळी दहालाच अनवाणी पायाला चटका देतं. माय कुरडया घालायला वर गेली, तासाभरानं उतरायला आली आणि दुसऱ्या पायरीवरून ओरडली, "तवा काहून लावून ठेवला इथं!" तेव्हापासून ती चढते माझ्या जिन्यानं आणि उतरते दादाच्या. दोन्ही स्लॅबच्या मधल्या कठड्यात दार ठेवलंय, ते असं उपयोगाला आलं. मी नंतर पायऱ्यांवर फिका राखाडी रंग मारला आणि दुपारच्या बाजूला हिरवी शेडनेट ताणली. बराच फरक पडला, तरी भर दुपारी चप्पल लागतेच. पश्चिमेला किंवा दक्षिणेला जिना येणार असेल तर ही गोष्ट दुकानात कोणी सांगणार नाही, म्हणून इथं सांगतो.

पावसाळा मात्र चांगला गेला. पायरीच्या कडा खाली दुमडल्यात, त्यामुळे पाणी थांबत नाही. काहींकडे त्या वर दुमडलेल्या असतात, मग प्रत्येक पायरी म्हणजे परात होते. गंज एकाच जागी दिसला: पायरी आणि चॅनल जिथं मिळतात, तिथं सलग वेल्डिंग न करता नुसते टाके मारलेत. दोन टाक्यांच्या मधल्या बारीक फटीत पाणी शिरलं आणि दिवाळीच्या सुमारास तिथून तांबडे ओघळ उतरले. घासून, रेड ऑक्साईड भरून, वरून रंग दिला. वेल्डिंगवरचा काळा पापुद्रा ठोकून काढल्याशिवाय मारलेला रंग टिकत नाही, तो कपचीसकट निघतो. तुम्ही घ्याल तेव्हा वरच्या बाजूनं सलग वेल्डिंग मागा, किलोमागं दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

आणि एक, कूलर. आमच्याकडे मार्च संपला की खिडकीखिडकीला पत्र्याचे कूलर लागतात आणि त्यांच्या वायरी कुठूनही लोंबतात. लोखंडी जिन्यावरून वायर नेऊ नका, खांबावरून येणारी सर्व्हिस वायरही त्याच्यापासून लांब ठेवा. जिन्याला अर्थिंग करून घ्या. इलेक्ट्रिशियनचं थोडंसंच काम आहे.

दादाच्या जिन्याकडे वळतो. खरं तर लिहायला मजा याच्यातच आहे.

आजोबांचं मातीच्या भिंतींचं घर पाडलं तेव्हा वाटणीत दादानं लाकूड मागितलं. खांब, म्याल (छताखालच्या जाड तुळया), फाटे, दारांच्या चौकटी. मी आवाराची रिकामी बाजू घेतली. तेव्हा सगळे त्याला हसले. मग २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरच्या डेपोतून साग गेला, मिरवणुकीचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले, आणि दादा त्या गंजीकडे बोट दाखवून "हाही तिकडचाच" म्हणायला लागला. तिकडचा म्हणजे गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलातला. असेलही. आजोबा सांगायचे की बंड्या भरून आणला होता.

सुतारमिस्त्री म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी आधी प्रत्येक म्यालावरून हात फिरवत खिळे शोधले, खडूनं खुणा केल्या, आणि काढून घेतले. जुन्या लाकडात खिळा राहिला तर आरामशीनचं पातं तुटतं, आणि त्याचे पैसे लाकूडवाल्याकडून घेतात. भिंतीत गाडलेली टोकं त्यांनी सरळ कापून टाकली. बाहेरून धड दिसत होती, पण आत उधईनं पोखरून नुसती माती भरलेली. सागाचा आतला पिकलेला भाग उधई सहसा धरत नाही. बाहेरचा पांढुरका भाग मात्र ती सोडत नाही. म्हणून नवा साग घेताना फळीच्या कडेला किती पांढरं आहे ते आधी बघायचं.

आरामशीनवर पहिला म्याल चिरला तेव्हा मी तिथं होतो. वरून धुरानं काळाकुट्ट, कीड लागल्यासारखा दिसणारा, आणि आत मधासारखा सोनेरी, काळ्या रेघांचा. इतक्या वर्षांनंतरही कापताना चामड्यासारखा तो वास आला आणि भुसा बोटांना तेलकट लागला. त्या तेलामुळेच साग टिकतो असं मिस्त्री म्हणाले. वाळलेला साग घनफुटाला १८-१९ किलोच्या आसपास भरतो. वखारीत कोणी "वाळलेलाच आहे" म्हणून त्याहून बराच जड माल देत असेल तर तो ओला आहे, घरी येऊन पिळेल.

दादाचा पूर्ण जिना बारा घनफुटांत झाला, म्हणजे सव्वादोन क्विंटलच्या आत. माझ्या लोखंडाच्या निम्मा. पायऱ्या दीड इंच जाडीच्या, बाजूच्या फळ्यांना खाचा पाडून आत बसवलेल्या, खालून पाचर ठोकलेली. खिळा एकही नाही. सगळ्यात खालची पायरी दगडी फरशीवर टेकलीय, म्हणजे ओल वर चढत नाही.

त्यावरून चालायला काय बरं वाटतं! उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, पावलाला जराशी साथ देणारा. पोरं धावत उतरली तरी घर दणाणत नाही. माझ्याकडे रात्री कोणी पाणी चालू करायला वर गेलं तर गल्लीला कळतं. मेच्या कोरड्या हवेत लाकूड जरा आकसलं, पायरी आणि बाजूच्या फळीत पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली आणि चार पायऱ्या करकरायला लागल्या. मिस्त्रींनी येऊन पाचरी थोड्या पुढं ठोकल्या. जुलैत हवा दमट झाली तशी फट आपोआप मिटली.

वरून पॉलिश न करता जवसाचं तेल दिलंय. जवस घरचंच, म्हणून दादा घाणीवरचं तेल लावायला निघाला होता, मिस्त्रींनी अडवलं. कच्चं तेल आठवडे-आठवडे वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं आणलं, पातळ हात दिले. ते पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तेल तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. घरात कापूस असणाऱ्यांनी तर चिंध्या पाण्यात बुडवून मगच फेकाव्यात.

मग दादाचाच चांगला का? आतल्या खोलीसाठी, घरचं लाकूड असेल तर, हो. त्याला आरामशीन, मिस्त्री, तेल सगळं मिळून ३४ हजार लागले. पण हाच जिना वखारीतून साग घेऊन केला असता तर? आम्ही विचारलं तेव्हा साडेचार हजार रुपये घनफूट सांगितले, घट धरून पंधरा घनफूट, म्हणजे नुसत्या लाकडाचे ६७,५००. मजुरी वेगळी. बिल आणि वाहतूक परवाना मागा, वखारवाला टाळाटाळ करत असेल तर परत फिरा. आपल्या धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, साग तोडू म्हणाल तर तोही असाच तोडता येत नाही, १९६४च्या वृक्षतोड कायद्यात साग येतो, आधी परवानगी लागते. आणि धुऱ्यावरच्या कोवळ्या झाडात पांढरा भागच जास्त निघतो, तो कापून लगेच जिन्याला लावायचा नसतो.

बाहेर, उघड्यावर, लाकडी जिन्याचा विचारही करू नये असं माझं मत आहे. दादा म्हणतो साग पावसातही टिकतो. टिकत असेल, पण आमचं ऊन आणि मग चार महिने पाणी, दरवर्षी तेल देत बसायला माणूस कुठंय? तुरीचे कट्टे वर नेताना मजूर माझ्याच जिन्यानं जातात. दादाचेसुद्धा. त्याच्या पायऱ्यांना चिखलाचे पाय लागलेले वहिनींना खपत नाहीत.

लोखंडी सांगाडा आणि वर सागाच्या फळ्या, असाही प्रकार दुकानदारानं एका घरी दाखवला. आतल्या जिन्याला तो मला पटला. कमी लाकूड लागतं, आवाज येत नाही, पाय भाजत नाहीत. फक्त फळी खालून लांबट भोकातून आवळलेली हवी, नाहीतर आकसताना तडकते. मुलाचं लग्न झालं की वर खोली काढायची आहे, तेव्हा दादाकडे उरलेले दोन म्याल मागणार आहे. देईल असं वाटतं. वहिनींना विचारावं लागेल.

दुकानाचं विचाराल तर पुन्हा तिथंच जाईन. वेळेत दिलं, सांधे मजबूत, बोल्ट अजून ढिले झालेले नाहीत. माप मात्र टेप धरून, कोबा-फरशी धरून, त्याच्यासमोर स्वतः लिहून देईन. सध्या खाली एक फाटक बसवायचं आहे, कारण शेजारच्या बकऱ्यांना हा जिना फार आवडलाय. वाळत घातलेल्या तुरीपर्यंत त्या माझ्या मायपेक्षा लवकर पोचतात. फाटकाचा अंदाज २२ किलो सांगितलाय. तीन फुटांच्या फाटकाला पंधराच्या वर लोखंड लागू नये. या वेळी किराण्यातला काटा पुरेल.